‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्या ताईंना उत्तर हवं होतं

सांगलीतल्या आमच्या गल्लीत एका घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या तीन रेघा आहेत. खाली २००५, मध्ये २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. ऑइलपेंटने ओढलेल्या. त्या घरातले काका आता थकलेत, पण पाणी किती वाजता उंबऱ्याला लागलं, आधी कुठल्या गटारातून वर आलं, सगळं तोंडपाठ आहे त्यांना. ते विचारायला सरकारकडून आजवर कुणी आलेलं नाही.

मध्यंतरी पूररेषेवर एक बैठक झाली. पडद्यावर नकाशे, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. शेजारच्या ताईंनी उभं राहून विचारलं, “साहेब, एवढा मोठा येऊन गेला, म्हणजे आता शंभर वर्षं सुटका ना?” उत्तर आलं, “हा तांत्रिक विषय आहे.” ताई खाली बसल्या. मला अजून राग आहे त्या उत्तराचा.

कारण सांगायला दोन मिनिटं लागली असती. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. काल येऊन गेला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. २० वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर घेतलं, तर तेवढ्या काळात पाणी घरात यायची शक्यता साधारण १८ टक्के. निळ्या रेषेवर घेतलं तर निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांच्या आसपास. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाला हा हिशोब कळणार नाही, असं कुणी ठरवलं?

धरणातून किती क्युसेक पाणी सोडायचं हे हात वर करून ठरवा, असं मी म्हणत नाही. आकडेमोड तज्ज्ञांनीच करावी. पण कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातली किती जागा ऑगस्टमध्ये रिकामी ठेवायची, हा प्रश्न नुसत्या गणिताचा आहे का? जास्त रिकामी ठेवली तर सांगलीचा गावभाग वाचायची आशा वाढते. पुढे पाऊस आला नाही, तर टेंभू-ताकारी उपसा योजनांच्या पाण्यावर बसलेल्या आमच्याच खानापूर-आटपाडीच्या शेतकऱ्याचा उन्हाळा कठीण जातो. वीज आहे ती वेगळीच. कुणी किती धोका घ्यायचा, हे ठरवताना मारुती चौकातला दुकानदार आणि आटपाडीचा डाळिंबवाला एका खोलीत हवेत, समोर तेच आकडे, मराठीत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर येतो का, या वादाचंही तसंच. अलमट्टीमुळे पूर आला नाही, हा २०१९ च्या पुरानंतरच्या सरकारी वडनेरे समितीचा निष्कर्ष आणि त्याच्या उलट सांगणारा नदीकाठचा अनुभव, दोन्ही आपापल्या जागी राहिले. समोरासमोर बसून उलटतपासणी झाली असती, तर निदान कुठल्या मुद्द्यावर मतभेद आहे ते तरी कळलं असतं.

आणि लोकांनी जाणकारांसोबत बसून ठरवणं आपल्याला नवीन नाही. १९८० च्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं. ठेकेदारांचा वाळूउपसा अडवला, मोजकी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला, जाणकार अभियंत्यांना सोबत घेतलं आणि पाण्याचं वाटप कसं करायचं यावर गावात बसून वाद घातले. भूमिहीनांनाही पाणी मिळावं, ही मागणी त्याच वादांतून पुढे आली. ती माणसं जलशास्त्र शिकलेली नव्हती. बीटी वांग्याच्या, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वांग्याच्या वेळीही २०१० मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी देशभरात सात ठिकाणी सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. शास्त्रज्ञ बोलले, शेतकरीही बोलले. नंतर आलेल्या स्थगितीबद्दल मतं काहीही असोत, विचारलं तरी गेलं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं टेप घेऊन निघालो. गल्लीतल्या अकरा घरांच्या रेघा रस्त्यापासून मोजल्या, साल आणि वेळेसकट वहीत उतरवल्या. पुढच्या बैठकीला ती वही आणि त्या ताई, दोघी माझ्यासोबत असतील. तुमच्या भिंतीवर रेघ असेल तर दिवाळीचा रंग लावायच्या आधी मोजून ठेवा. हरिपूरपासून कर्नाळ रोडपर्यंत कुठलीही चालेल, मी येऊन लिहून घेतो.