‘नाशिक शांतच आहे’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार,

‘नाशिक शांतच आहे. पोरांना नाटकं, पोस्टरं करायला लावून कसली शांतता येणार? बारावीचं वर्ष आहे त्यांचं,’ असं तुम्ही आमच्या मुलांच्या शांतता-गटाबद्दल लिहिलंत. पोस्टरांबद्दल भांडत नाही. कबुतर, पृथ्वीचा गोळा, मग बक्षीस आणि वडापाव. अशा स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसलोय, तेव्हा हे पाप घरचंच.

पण शांततेचं म्हणाल तर १ मार्च १९३० लाही नाशिक शांतच होतं. काळाराम मंदिराची दारं मात्र दलितांना बंद होती. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीला रथ सवर्ण आणि सत्याग्रही, दोघांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. तो शब्द मोडला गेला आणि सत्याग्रहींवर दगड आले. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला. आता सांगा, शांतता कुणी बिघडवली?

नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये हा फरक मांडला: नुसती मारामारी नसणं ही नकारात्मक शांतता, अन्यायही नसणं ही सकारात्मक. (हे मी मुलांना सांगत नाही. जांभया देतात.)

त्याऐवजी आम्ही ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांचं फोरम थिएटर करतो. छोटा प्रसंग, शेवट वाईट. मग तोच पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून पात्राची जागा घ्यायची. प्रसंग मुलांनीच रचला. सुरगाण्याच्या आदिवासी भागातून शिकायला आलेली मुलगी कॉलेज रोडला खोली बघायला जाते. ‘आडनाव काय म्हणालीस?’ आणि लगेच, ‘अगं, खोली कालच गेली.’

दुसऱ्या फेरीत एक मुलगी उठली. तिने खोली मागणारीची नाही, त्याच घरात आधीपासून राहणाऱ्या, गप्प उभ्या असलेल्या मैत्रिणीची जागा घेतली. ‘काकू, खोली तर रिकामीच आहे,’ एवढं बोलली आणि अडकली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘सर, त्यांनी मलाही काढलं तर?’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. त्यावर तासभर जे बोलणं झालं, ते दहा वर्षांच्या पोस्टरांत झालं नव्हतं.

बारावीचं म्हणाल तर रविवारचे दोन तास जातात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही बंदच असतो.

एक अडचण मात्र आहे. घरमालकाचं काम करायला मुलांतलं कुणी तयार होत नाही. तुम्ही याल का?