बी.पी. आणि मी

शाळेत स्काऊट पथक काढायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममधून एकदा नजर फिरवली. सगळ्यांनी चटकन वह्या तपासायला घेतल्या. माझ्या नेमक्या तपासून झाल्या होत्या. त्यामुळे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, वळकटी काखोटीला मारून, सात दिवसांच्या बेसिक कोर्सला माझी रवानगी झाली.

पहाटे साडेपाचला शिट्टी. अंधारात रांग. शिबिरप्रमुखांनी फर्मावलं, "आता बी.पी.चे सहा व्यायाम!"

शेजारच्या चित्रकलेच्या सरांनी हात वर केला. "सर, मला बी.पी. आहे. गोळी चालू आहे."

"बी.पी. म्हणजे आपले संस्थापक, लॉर्ड बेडन-पॉवेल. १९०७ साली ब्राऊनसी बेटावर मुलांना घेऊन तंबूत राहिले."

"मुलांना घेऊन ना? मग बरोबर आहे," चित्रकलेचे सर पुटपुटले आणि वाकले. त्यानंतर ते सरळ व्हायला बराच वेळ लागला.

आम्हा बत्तीस शिक्षकांचे चार संघ पाडले. आमचा 'वाघ'. हजेरीला डरकाळी फोडायची, आणि ती सगळ्यांनी एका सुरात. एरवी वर्गात नुसतं खाकरलं तरी पोरं गप्प होतात, पण इथं आमच्या आठजणांच्या तोंडून मिळून जो आवाज निघाला, त्यानं समोरचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. हस्तांदोलन डाव्या हातानं. लहानपणी डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून आजीनं पाठीत धपाटा घातला होता. चार दिवस हात पुढे करताना पाठ आपोआप आखडायची.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. शिक्षकांइतके व्रात्य विद्यार्थी मी आजवर पाहिले नाहीत. तंबू तपासणीच्या वेळी सिंह संघानं आमचा झाडू पळवला. आम्ही जाऊन सरांना नाव सांगितलं. व्याख्यानात मागच्या रांगेत शेंगदाणे फिरत होते आणि 'नेतृत्वाचे गुण' लिहून घेताना मी शेजाऱ्याच्या वहीत बघत होतो. वीस वर्षं ज्यासाठी पोरांना बाकावर उभं केलं, ते सगळं आम्ही सात दिवसांत उरकलं.

पण माझी खरी वाट लावली ती गाठींनी. रीफ नॉट सोपी: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. मी दोन्ही वेळा उजवंच वर घ्यायचो. तयार व्हायची ती ग्रॅनी नॉट, म्हणजे ओढली की सटकणारी. क्लोव्ह हिच तर मी बांबूऐवजी स्वतःच्या बोटाला मारली, आणि ती मात्र कशी पक्की बसली कोण जाणे! सोडवायला शिबिरप्रमुख आले. त्यांच्या गळ्यातल्या चामडी वादीत वूड बॅजचे, म्हणजे स्काऊट शिक्षकांच्या वरच्या प्रशिक्षणाच्या मानचिन्हाचे, चार लाकडी मणी होते. १९१९ साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कच्या पहिल्या प्रशिक्षणात वाटलेले मणी एका झुलू राजाच्या माळेतले होते म्हणे. "तुम्हीही पुढचे कोर्स करा, दोन मणी मिळतील," ते म्हणाले. माझं बोट तोवर जांभळं झालं होतं.

शेवटच्या दिवशी मी रीफ नॉट बरोबर मारली. टाळ्याही मिळाल्या. त्या भरात गावी आलो आणि २६ जानेवारीचा झेंडा मीच बांधणार, असं जाहीर केलं. वीस वर्षं हे काम करणारे शिपाई मामा काही न बोलता बाजूला झाले.

सरपंचांनी दोरी ओढली. झेंडा हलेना. पुन्हा ओढली. वर माझी रीफ नॉट, आयुष्यातली सर्वात घट्ट. बँडपथकातल्या पोरांनी ढोल तसाच वाजवत ठेवला. शेवटी मामांनी झेंडा खाली घेतला, दातांनी गाठ सोडली, झेंड्याची घडी केली, पाकळ्या पुन्हा आत भरल्या, दोरी गुंडाळली. दुसऱ्या झटक्याला पाकळ्या सरपंचांच्या टोपीवर पडल्या.

नंतर मी मामांना हळूच गाठलं. "मामा, ती कोणती गाठ मारली हो?"

"गाठ न्हाई सर," मामा म्हणाले, "नुसता पीळ दिलाय."