राजवाडा आज बंद आहे म्हणे!

बँकॉकहून येऊन चार दिवस झाले, तरी डोकं शांत होत नाहीये. जन्मात पहिल्यांदा त्या शहरात गेलो होतो. आईला घेऊन. शेवटच्या दिवशी एका इस्त्रीच्या शर्टातल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसाने तोंडभर हसून आमची दुपार लुटली.

आईला बँकॉकमध्ये एकच गोष्ट बघायची होती. मॉल नाही, मार्केट नाही. तिथल्या राजवाड्याच्या आवारात, पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, 178 चित्रांमध्ये. ते लोक त्याला रामाकियन म्हणतात. पहिल्या चित्रात जनकाला नांगरताना सीता सापडते. आईने पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, दर वर्षी मुलांना रामायण सांगितलं. सीतेची गोष्ट सातासमुद्रापार कशी काढली असेल, हे तिला जवळून बघायचं होतं. एवढंच.

सकाळी मेट्रोने सनाम चाय स्टेशनला उतरलो, आधी वाट फो हे जवळचं देऊळ केलं. 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहून आई खूश होती. साडेबाराला बाहेर पडून राजवाड्याच्या भिंतीकडेने चालायला लागलो. इथेच तो हरामखोर उभा होता. ‘ममा, टुडे क्लोज्ड. बुद्ध डे. ओपन टू थर्टी.’ मी म्हटलं, रोज उघडा असतो असं वाचलंय. त्याने शांतपणे समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. दार खरंच बंद होतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती याच लबाडीची. त्या राजवाड्याची भिंत चारी बाजूंनी मिळून 1,900 मीटर आहे. पर्यटकांना आत सोडतात ते उत्तरेच्या बाजूच्या मोठ्या दरवाजातून. वाट फोकडून येणाऱ्याला आधी लागतात ती दारं पर्यटकांसाठी नसतातच! पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे कुठून कळणार? त्याला बंद दार दिसतं आणि शेजारी सभ्य दिसणारा एक स्थानिक माणूस दिसतो. त्याने विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? मुख्य दरवाजाशी तर भोंग्यावर ओरडून सांगतात की राजवाडा रोज उघडा आहे, अनोळखी माणसांचं ऐकू नका. अहो, दरवाजापर्यंत पोचलेल्याला हे सांगून काय उपयोग? खोटं बोलणारे तिथे उभेच राहत नाहीत. ते अलीकडच्या कोपऱ्यावर असतात, आणि तिथे ना भोंगा, ना पोलीस.

मग नकाशावर पेनाने गोल काढून झाले, शिट्टी मारून टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, बोलावून झाली. ‘ओन्ली ट्वेंटी बाट.’ आईचे गुडघे दुखत होते, ऊन रणरणत होतं. बसलो. एका कोपऱ्यातल्या देवळात दहा मिनिटं, मग थेट शिंप्याचं दुकान. सूट शिवा म्हणे! बाहेर आलो तर टुकटुकवाला हात जोडून सांगतो, फक्त आत जाऊन या, मला पेट्रोलचं कूपन मिळतं. पुढे खड्यांचं दुकान. तिथे एक बाई आईचा हात धरून तिच्या बोटात अंगठ्या चढवायला लागली. आई ‘नको, नको’ म्हणतेय आणि ती हात सोडत नाही. मी आवाज चढवला तेव्हा सोडला. बाहेर येऊन बघतो तर टुकटुक गायब.

कुठल्या रस्त्यावर आहोत कळेना. तीन टॅक्सीवाल्यांनी मीटरचं नाव काढताच काच वर केली. 35 बाटपासून सुरू होणारा मीटर समोर बसवलेला असताना चारशे मागतात, तेही बिनदिक्कत! चौथा मीटरने आला आणि वाहतुकीत अडकला. मुख्य दरवाजाशी पोचलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. तिकीट साडेतीनला बंद होतं. राजवाडा सकाळी साडेआठपासून उघडा होता. आम्ही त्याच्या भिंतीला हात लावून परत फिरलो होतो.

हे कधीतरी घडणारं नाही. हा तिथला वर्षानुवर्षांचा धंदा आहे, सगळ्यांना माहीत असलेला. खोटं बोलणारा, टुकटुकवाला, दुकानदार, सगळे एका साखळीत. दुकानांनी कूपन द्यायचं थांबवलं तर उद्या त्या कोपऱ्यावर कुणी उभं राहणार नाही. पण थांबवणार कोण? आणि आपल्याकडेही तेच. नवी दिल्ली स्टेशनवर परदेशी लोकांना ‘रिझर्वेशन ऑफिस बंद आहे’ सांगून एजंटाकडे नेतातच की. तिथे फसलेल्याची कीव यायची. आता त्याचा संताप काय असतो ते कळलं.

बँकॉकमध्ये त्याच दुपारी रस्त्यावर एका शहाळेवाल्या बाईने आईला बसायला स्वतःचं स्टूल दिलं, पैसे घेईना. म्हणून सगळ्या शहराला मी शिव्या घालणार नाही. मी चिडलोय तो त्या भामट्यांवर आणि त्यांना तिथे उभं राहू देणाऱ्यांवर.

इथे आल्यावर लोक म्हणतात, जाऊ दे रे, वीस बाटच तर गेले. वीस बाट? दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं विमान होतं आमचं. आई अडुसष्ट वर्षांची आहे, पुन्हा एवढा प्रवास तिला झेपेल का, माहीत नाही. तुला पैसेच हवे होते ना बाबा? मागितले असतेस तर पाचशे बाट हातावर ठेवले असते. तिला त्या दरवाजापर्यंत चालत जाऊ द्यायचं होतंस.