मन खंबीर आहे हो, पण मागचं चाक काढता येतं का?

आज सकाळी टँकवर एक पोरगा भेटला. गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीला, नाव घातलंय. विचारतो काय, "काका, मनाच्या तयारीसाठी काय करू?" आदल्या दिवशी कुठलं तरी प्रेरणादायी भाषण ऐकून आलेला. वक्ते म्हणाले म्हणे, शरीर दहा टक्के, बाकी सगळं मन.

डोकंच सणकलं. 1.9 किलोमीटर समुद्र, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर पळणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. त्या वक्त्यांनी एकदा गोव्यातल्या मिरामारच्या समुद्रात उतरावं आणि मग टक्के मोजावेत.

पोराला विचारलं, मागचं चाक काढून ट्यूब बदलतोस का? "यूट्यूबवर बघितलंय." झालं! अरे, चेन आधी मागच्या सगळ्यात लहान कॉगवर (दातेरी चकतीवर) आणायची, मग चाक सुटतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, कारण तार किंवा काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. 50 मिमीच्या खोल रिमला 48 मिमीचा वाल्व आतच राहतो, मग पंप लावणार कुठे? झटपट हवा भरायचं सीओटूचं कार्ट्रिज (गॅसची छोटी नळी) फडक्यात धरायचं, नाहीतर गारठून बोटांना चिकटतं. हे घरी दहा वेळा केलेला माणूस पंक्चर झाल्यावर शांत असतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मन खंबीर आहे!

पोहण्याचंही तेच. 25 मीटरच्या टँकमध्ये 1900 मीटर पोहताना 75 वेळा भिंतीला पाय लावून ढकलायला मिळतं. समुद्रात भिंत नाही, तळाला रेघ नाही. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून बॉया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा. अख्खं डोकं उचललंत की कंबर बुडालीच. आणि घाबरगुंडी उडते ती बहुतेक वेळा पाण्याखाली श्वास न सोडल्यामुळे. आज तो पोरगाही तेच करत होता: तोंड वर काढून आधी सोडायचा, मग घ्यायचा. वेळ पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, छाती आवळते आणि वाटतं आता बुडतो. पाण्यात सतत बुडबुडे सोडायला लावले, तर चौथ्या फेरीला गडी सरळ. तरीही समुद्रात छाती भरून आलीच तर पाठीवर वळा, लांब श्वास सोडा, मदतीला असलेली कयाक (छोटी होडी) धरा. कयाक धरलेली चालते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

बरं, मन लागतंच. नाही कोण म्हणतंय? पळण्याच्या शेवटच्या सहा-सात किलोमीटरला लागतं. पण तिथे "आता सोडून द्यावं" असं वाटायला लागलं की आधी आठवायचं, शेवटचं कधी खाल्लं होतं. बऱ्याचदा खचलेलं मन म्हणजे संपलेली साखर असते.

त्या पोराच्या बाटलीत नुसतं पाणी होतं. तासाला किमान 60 ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) लागतात आणि एका केळ्यात जेमतेम 25. अडीच केळी दर तासाला कोण खाणार? 750 मिली पाण्यात 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. सरबतच! सायकलवर बसल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच घोट सुरू करायचे, पण पोटाला ही सवय दोन महिने आधीपासून लावायची. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि सवय नसलेलं गोड तिथेच डुचमळत राहतं. मग उलट्या. उलट बाजूने, तासन्तास नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तासभर सायकल मारण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर प्यायलात त्यापेक्षा साधारण लिटरभर घाम जास्त गेला. वाढलं असेल तर पिणं जास्त होतंय. आणि वेदनाशामक गोळ्या खिशात ठेवून पळणाऱ्यांनो, पाणी कमी पडलेल्या किडनीवर तो मार बसतो. बंद करा ते.

जाऊ दे, चिडलो जरा. पोरगा गुणी आहे, पहाटे पाचला उठून येतो. पण पहाटेच्या पुण्यातल्या हवेवर गोव्याचा दमट उकाडा सोसत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत दहा-बारा दिवस तरी दुपारच्या उन्हात बेताने तासभर सायकल मारा. घाम लवकर सुटायला लागतो, नाडीही कमी चढते. शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणा, वेग मात्र सोडू नका. बूट, जेल (खायचं गोड पाकीट), गॉगल, काहीही नवं नको.

आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सायकल नेणार असाल तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमला बांधा. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला तर मोठ्या कॉगवर चेन थेट स्पोकमध्ये जाते, आणि गोव्यात रात्री नऊ वाजता तुमच्या मॉडेलचा हँगर कुठल्या दुकानात मिळणार? एक जादाचा आत्ताच मागवून बॅगेत टाका.