कूलर-एसी नंतर, आधी गच्चीचं बघा

परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "दीड टनाचा एसी घेऊ का दोन टनाचा?" मी म्हटलं, "काका, घ्या तुम्ही. पण त्याआधी आज रात्री दहाला स्टुलावर चढून छताला खालून हात लावून बघा."

गेल्या वर्षी एप्रिलात मी तेच केलं होतं. बाहेर वारा सुटलेला, आणि घरात स्लॅब असा लागला, जसा भाकरी उतरवून पाऊण तास झालेला तवा. पंखा तीच धग खाली ढकलत होता. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर घरात सोडत राहतं. आपण मग त्या स्लॅबशी भांडायला एसी लावतो आणि भांडणाचे पैसे महावितरणला भरतो.

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जाणं आपल्याला नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी याच उन्हात दिवस काढले. अमळनेरकडच्या आमच्या गावात धाब्याचं घर होतं. दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या कड्या, त्यावर मातीचा जाड थर, खिडक्या लहान. भर दुपारी त्या ओट्यावरून आत पाऊल टाकलं की अंगाला फरक कळायचा. आजी सकाळी नवालाच दारं-खिडक्या लावून घ्यायची. म्हणायची, "भाऊ, ऊन घरमा येऊ देऊ नको." सांजेला सगळं सताड उघडायची. आम्ही ते घर पाडलं, स्लॅब टाकला, पश्चिमेला मोठी काचेची स्लायडिंग खिडकी बसवली. पुण्या-मुंबईचं घर इथे आणून ठेवलं. मला याचं खरंच वाईट वाटतं. स्लॅबला माझा विरोध नाही, पण खान्देशात बांधायचं तर खान्देशाच्या उन्हाचा विचार करून बांधा, एवढं तरी आपल्या इंजिनिअर पोरांनी घरमालकाला सांगायला हवं.

मग या वर्षी काय केलं ते सांगतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी गच्ची झाडून, धुऊन घेतली. कळीचा चुना रात्रभर भिजत घातला, सकाळी फडक्याने गाळला, त्यात फेव्हिकॉल मिसळला आणि कुंच्याने दोन हात मारले. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, वाटतं पाणीच फासलं. वाळायला लागला की डोळे दिपतात. पांढरा रंग ऊन परत फेकतो, स्लॅब तेवढं पितच नाही. आईला कुरडया कुठे वाळत घालायच्या याची काळजी होती, तिच्यासाठी एका कोपऱ्यावर खाट टाकून दिली. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो, आणि धुळीने मळला की मधे एकदा गच्ची धुवावीही लागते. एकदाच खर्च करायची तयारी असेल तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची गच्ची करून घ्या, ती वर्षानुवर्षं टिकते.

दुसरं, पश्चिमेची खिडकी. आत कितीही जाड पडदा लावा, ऊन काचेतून घरात आलेलंच असतं. मी रोपवाटिकेवर टाकतात ती हिरवी शेडनेट खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर सोडून बांधली. संध्याकाळी त्या भिंतीला टेकून बसता येतं आता.

कूलर आमच्याकडे आहेच, आणि आपल्या कोरड्या हवेत त्याच्यासारखं स्वस्त साधन नाही. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते, एवढंच त्याचं काम. पण लोक तो बंद खोलीत लावतात आणि मग म्हणतात चिकचिक होतं. कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, ओल बाहेर जाऊ द्या. बोअरच्या पाण्याचा क्षार वाळ्याच्या जाळीवर बसतो, ती महिन्याने धुवा. आणि अर्थिंग तपासून घ्या. ओल्या हाताने कूलरला हात लावून आपल्याकडे माणसं गेली आहेत. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की मात्र कूलरचा उपयोग राहत नाही.

एसी लावायचाच तर २४-२६ वर ठेवा, सोबत पंखा चालवा. तापमान एक अंश वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. आपल्याकडे पंखा सोळा-सोळा तास फिरतो, त्यामुळे एका पंख्यामागे दिवसाला पाऊण युनिटचा फरक पडतो. बिलात १०० युनिटच्या पुढे दर एकदम चढतो, ३०० च्या पुढे आणखी. म्हणजे वाचलेलं युनिट हे सगळ्यात महागातलं युनिट असतं. आमचं मेचं बिल ४१० युनिटवरून २८५ वर आलं.

 

आमच्या मागच्या गल्लीत पत्र्याची खोली आहे, तान्हं बाळ आहे त्या घरात. पत्र्यावर चुना धरत नाही, म्हणून आम्ही तिघांनी पांढरा ऑइलपेंट आणला, सकाळी सहाला वर चढलो, वर बांबू ठोकून उरलेली शेडनेट ताणली. दुपारी ती ताई बाळाला घेऊन बाहेर कडुलिंबाखाली बसायची, दोन दिवसांपासून घरातच झोपवते.