एक कॉम्प्युटर गेला की गाडी भंगार? त्या मेसेजचं जरा पाहू

राजेहो, तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असन. "मर्सिडीज, बीएमडब्ल्यूची सगळी वायरिंग एकाच कॉम्प्युटरले जोडलेली असते, तो गेला की गाडी भंगार. बॅटरी डिक्कीत लपवतात, मिस्त्रीले सापडू नये म्हणून. बॅटरीचं रजिस्ट्रेशन निव्वळ लूट. शेवटी करंट 12 व्होल्टचाच, टेस्टिंग बल्ब लावा अन् घरीच फॉल्ट शोधा." यवतमाळ-वणीकडं सेकंडहँड मोठी गाडी घेणाऱ्यायमध्ये हा भल्लाच फिरून राह्यला, अन् लोकं खरंच बल्ब घेऊन बसून राह्यले, म्हणून लिहितो.

एकच कॉम्प्युटर? साफ उलटं हाय. अशा गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे-छोटे कॉम्प्युटर असतात, दाराचं वेगळं, सीटचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. बॅटरीतून जाड केबल दोन-तीन फ्यूज बॉक्समध्ये येते, तिथून प्रत्येकाले आपापली सप्लाय. काचेचं बटन दाबलं की मोटरचा करंट बटनातून जात नाही, फक्त निरोप जाते, मोटर दाराचं युनिट फिरवते. पहिले प्रत्येक बटनाची वेगळी वायर ओढावी लागे, दाराच्या बिजागरीतून मनगटाएवढा जुडगा जाये, तो कमी कराले बॉश या जर्मन कंपनीनं 1986 मध्ये कॅन लाइन आणली, म्हणजे सगळ्या युनिटचे निरोप एकाच दोन वायरच्या जोडीवरून नेणारी लाइन, नव्वदच्या सुरुवातीले ती मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आली अन् आता साध्या हॅचबॅकमध्येही हाय. दाराचं युनिट गेलं तर काच अडकन, गाडी चालन. हो, इंजिनचं किंवा चावी ओळखणारं युनिट गेलं तर मात्र टोचनच.

डिक्कीतली बॅटरी कोणी लपवली नाही. वजन मागं-पुढं सारखं राहावं अन् इंजिनच्या गरमीपासून ती दूर राहावी म्हणून तिथं ठेवतात, चंद्रपूरचा मे महिना पाह्यलेल्याले हे सांगाची गरज नाही. जंपसाठी, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू कराले, बोनटखाली पॉइंट दिलेले असतात. निगेटिव्ह तिथल्या बॉडी पॉइंटलेच लावा, कारण बऱ्याच गाड्यायच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असते. ट्रॅक्टरची 12 व्होल्टची बॅटरी चालते, मोठ्या ट्रकची बरेचदा 24 व्होल्ट असते, तिच्या वाटेले जाऊ नका.

रजिस्ट्रेशनचं अर्धं खरं हाय. बीएमडब्ल्यूसारखी गाडी बॅटरीचं वय धरून चार्जिंग करते, नवीन टाकली हे तिले सांगावं लागते, नाहीतर जुनीच समजून चार्ज करत राहते. काम गाडीले जोडाच्या तपासणी मशीनवर, म्हणजे स्कॅनरवर, दोन-चार मिनिटाचं, त्याचे हजारो रुपये घेत असतील तर शिव्या द्या, मीबी देतो. पण म्हणून कोणतीही स्वस्त बॅटरी कोंबू नका, एजीएम (ज्यात ॲसिड काचेच्या धाग्याच्या चटईत शोषलेलं असते ती बॅटरी) असन तर तिच्या जागी एजीएमच, अन् बॅटरी केबिनच्या आत असल्यानं गॅस बाहेर नेणारी नळी लावाले विसरू नका.

टेस्टिंग बल्बवर तर मले रागच येते. फ्यूजवर चालन, पण कॅनच्या पिळलेल्या दोन वायरवर बल्ब लावला की लाइनचा व्होल्टेज खाली ओढल्या जाते, युनिटही जाऊ शकते. तिथं मीटर घ्या, बॅटरी काढून त्या दोन वायरमध्ये ओहम पाहा. इंजिनकडच्या वेगवान कॅन लाइनमध्ये दोन्ही टोकाले 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून 60 च्या आसपास यावं, 120 आलं तर एका टोकाचा संबंध तुटला.

"एक गेलं की सगळं बंद" हे एका ठिकाणी मात्र खरं निघते. 2001 च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून बऱ्याच गाड्यायमध्ये स्क्रीन, ॲम्प्लिफायर काचतंतूसारख्या ऑप्टिकल केबलच्या रिंगमध्ये जोडले. त्यातलं एक युनिट मेलं की सगळी म्युझिक सिस्टीम मुकी होते. मग एकेक युनिट काढून त्याच्या जागी लूप, म्हणजे रिंग जोडून देणारा ऑप्टिकल केबलचा तुकडा, लावत जायचं, ज्याच्या जागी लावल्यावर आवाज आला तेच बिघडलेलं.