पलंगाशेजारच्या माणसाला सांगा

हॉलंडमधल्या युट्रेक्टच्या रुग्णालयात दाखल होताना खिडकीपलीकडच्या बाईंनी मला नाव, जन्मतारीख आणि विमा क्रमांक विचारला. त्याच सुरात पुढचा प्रश्न आला: गेल्या दोन महिन्यांत परदेशातल्या एखाद्या रुग्णालयात चोवीस तासांपेक्षा जास्त राहिला होतात का?

मी राहिले होते. २०२२च्या नोव्हेंबरअखेरीस अण्णा अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी धावत भारतात घरी गेले होते. त्या धावपळीत मलाच डेंग्यू झाला आणि दोन रात्री सलाईनवर काढाव्या लागल्या. जानेवारीत परत आले तर पित्ताशय सुजलं. मी प्रश्नाला ‘हो’ म्हटलं आणि पाच मिनिटांत सगळं बदललं. मला एकटीच्या खोलीत नेलं, दारावर पाटी लागली, आत येणारा प्रत्येक जण गाऊन, हातमोजे आणि मास्क घालून येऊ लागला. नाकातून, घशातून आणि गुदद्वारातून बोळ्यानं नमुने घेतले.

त्या रात्री मी रडले. पोटात दुखत होतंच, पण मनात घुमत होता तो आजीच्या वेळचा ‘बाजूला बसणं’ हा शब्द. वेगळं ताट, वेगळी सतरंजी, शिवू नको. आपल्या समाजात माणसाला वेगळं ठेवण्याचा इतिहास साधा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण जातीच्या नावानं माणसं वेशीबाहेर ठेवली. १८९७च्या पुण्यात प्लेगच्या नावाखाली शिपाई घरात घुसले आणि माणसं छावणीत नेली, त्या संतापातून चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि २०२०मध्ये दारावर कोविडचा कागद लागलेल्या घरांशी शेजारी कसे वागले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे दारावरची पाटी मला उपचाराचा भाग वाटली नाही, शिक्षा वाटली.

तिसऱ्या दिवशी एक बाई भेटायला आल्या. त्यांचं काम रुग्णालयातला जंतुसंसर्ग रोखणं, एवढंच. त्या खुर्ची ओढून बसल्या. हॉलंडमध्ये ज्याची सगळ्यांत धास्ती असते तो एमआरएसए, म्हणजे अनेक अँटिबायोटिकना न जुमानणारा, त्वचेवर आणि नाकात राहणारा जंतू, माझ्याकडे सापडला नव्हता. आतड्यात मात्र ईएसबीएल तयार करणारे ई-कोलाय होते, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू. त्यांनी समजावलं की मी वाहक आहे, त्या जंतूंनी आजारी पडलेली नाही. संडासनंतर हात कसे धुवायचे, ते त्यांनी दाखवलं. डॉक्टरांनी माझं औषध तो अहवाल बघून ठरवलं. जाताना हातात एक पत्र मिळालं, पुन्हा कधी कुठे दाखल झाले तर दाखवायला. आणि त्या म्हणाल्या, यात तुमची काही चूक नाही. दक्षिण आशियातून आलेल्या डच पर्यटकांमध्येही हेच दिसतं. खरंच आहे ते. दोन हजार डच प्रवाशांचा जाण्याआधी आणि आल्यानंतर अभ्यास झाला होता. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक असे जंतू आतड्यात घेऊन परतले. बहुतेकांचे महिन्या-दोन महिन्यांत निघून गेले, काहींचे वर्षभर राहिले.

मला अण्णा आठवले.

अण्णांचं ऑपरेशन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात झालं. नाव घेत नाही. हाड छान बसलं. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, संध्याकाळी रक्तदाब पडला, रात्री आयसीयू. आम्हाला सांगण्यात आलं, ‘इन्फेक्शन आहे, हायर अँटिबायोटिक चालू केलंय.’ कसलं इन्फेक्शन, कुठून आलं, यावर ‘वयामुळे होतं असं’ एवढंच. दहाव्या दिवशी बिलाच्या कागदांत मला कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, अहवाल सापडला. जंतूचं नाव क्लेबसिएला. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, या औषधाला जंतू जुमानत नाही. बाकीची हरल्यावर वापरायच्या कार्बापेनेम गटातल्या औषधांसमोरही आर. उरलं होतं कोलिस्टिन. १९५०च्या दशकात आलेलं आणि मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून पुढे मागे पडलेलं औषध, आता दुसरं काही चालत नाही म्हणून पुन्हा बाहेर काढलेलं. अण्णा वाचले. मूत्रपिंडं पूर्वीसारखी राहिली नाहीत.

मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. वॉर्डात अण्णांची लघवीची पिशवी मी रिकामी करत होते. दोन-तीन रुग्णांत मिळून प्लॅस्टिकचं एकच मापाचं भांडं होतं. शेजारच्या काकांचा मुलगा जेवायला गेला की त्यांची पिशवीही मीच रिकामी करायची. तेच भांडं, तेच हात. कधी पिशवी भरून वाहायची, कधी फरशीला टेकायची. क्लेबसिएला अशाच वाटेनं फिरतो: भांड्यावरून, बेसिनच्या मोरीतून, आणि सगळ्यांत जास्त हातांवरून. जंतू नेमका कसा आला ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या दहा दिवसांत अण्णांना सर्वांत जास्त वेळा हात लावणारी व्यक्ती मी होते, आणि मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता.

आपल्याकडे या विषयाची चर्चा होते तेव्हा ती दोनच रस्त्यांनी जाते. एक रस्ता अभिमानाचा. स्वीडनमधला भारतीय वंशाचा एक रुग्ण दिल्लीत उपचार घेऊन परतला, त्याच्याकडच्या जंतूत २००८ साली कार्बापेनेम निकामी करणारं एक नवं विकर (एन्झाइम) सापडलं आणि त्याला ‘न्यू डेली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, एनडीएम-१, असं नाव पडलं. २०१०च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय प्रकाशनाच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात त्यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला: वैद्यकीय पर्यटन बुडवायचा हा डाव आहे. राजधानीचं नाव दिल्याचा राग मला कळतो. २०११च्या जानेवारीत लॅन्सेटच्या संपादकांनी नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण त्या भांडणात एक गोष्ट झाकली गेली. लॅन्सेटच्या आधी, २०१०च्या मार्चमध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या नियतकालिकात स्वतःच्याच रुग्णालयातले आकडे छापले होते. कार्बापेनेमला दाद न देणारे २४ जंतू तपासले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. स्वतःच्या घरातली गोष्ट कुणीही न विचारता त्यांनी उघड सांगितली. अभिमान बाळगायचा तर मी त्या कागदाचा बाळगीन.

दुसरा रस्ता गोळ्यांचा. लोक मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेतात, कोर्स अर्धवट सोडतात, म्हणून जंतू माजलेत. यात तथ्य आहे. अशांपैकी काही औषधांची विक्री वहीत नोंदवायला लावणारा एच-१ नियम २०१४च्या मार्चपासून लागू आहे आणि तरी गोळ्या मिळतात. इथल्या मराठी मंडळातही गप्पा हॉलंडच्या फॅमिली डॉक्टरांवर येतात. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, तीन दिवस थांबा. पहिली काही वर्षं मला याचा भयंकर राग यायचा, आता येत नाही. पण हा उपाय उचलून मिरजेत ठेवा, असं मी म्हणणार नाही. इथे ‘थांबा’ म्हणणारा डॉक्टर चौथ्या दिवशी फोन उचलतो आणि आजारपणाचा पगार मिळतो. ऊसतोडीच्या बाईला थांबायला सांगणारा तिला तीन दिवसांचा रोज देणार आहे का? आणि तिच्या पाण्यात विषमज्वर आहे, इथल्या नळाच्या पाण्यात नाही.

शिवाय गोळ्यांच्या चर्चेत सगळा दोष रुग्णाच्या आणि मेडिकलवाल्याच्या गळ्यात पडतो, आणि रुग्णालयाच्या आत काय चाललंय ते सुटून जातं. अण्णांनी आयुष्यात कधी चिठ्ठीशिवाय गोळी घेतली नाही. शिस्तीचे मास्तर ते. त्यांना तो जंतू पलंगावर भेटला.

माझा चुलतभाऊ सांगलीकडे डॉक्टर आहे. त्याच्याशी मी यावर भांडले.

‘तुझ्या हॉलंडचं मला सांगू नकोस,’ दादा म्हणाला. ‘रात्री माझ्या वॉर्डात अठरा खाटांना एक सिस्टर असते. वेगळी खोली कुठून आणू? वेगळी खोली दिली तर तिचं बिल कोण भरेल, तू?’

‘खोली राहू दे दादा. सांगायला काय लागतं?’

‘सांगितलं की लोक म्हणतात, तुमच्या दवाखान्यात लागलं. बिल देत नाहीत, काचा फोडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात.’

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. डॉक्टरांना मारहाण होते, हे खरं आहे. हॉलंडही काही देवभूमी नाही. रॉटरडॅमच्या मासस्टाड रुग्णालयात २०१०-११ मध्ये असाच ऑक्सा-४८ हे एनडीएमसारखं विकर असलेला क्लेबसिएला महिनोन्‌महिने पसरत राहिला, शंभराहून जास्त रुग्णांपर्यंत पोचला, आणि वेळेवर कुणी बोललं नाही. पुढे चौकशी झाली, वरच्या माणसांना जावं लागलं, आणि २०१२पासून रुग्णालयांनी असे उद्रेक देशपातळीवर कळवायची पद्धत बसली. जनावरांना अँटिबायोटिक देण्यात तर हा देश एके काळी युरोपात आघाडीवर होता. डुकरांच्या गोठ्यातून एमआरएसए माणसांत येऊ लागला, तेव्हा कुठे लगाम बसला. २००९च्या तुलनेत तो वापर आता निम्म्याहूनही बराच कमी आहे. सांगायची सवय इथेही ठेच लागल्यावरच लागली.

दादाचा सगळ्यांत मोठा मुद्दा मनुष्यबळाचा, आणि तिथेच मला त्याचं चुकतंय असं वाटतं. अठरा खाटांना एक सिस्टर असते, तेव्हा बाकीचं काम कोण करतं? कूस कोण बदलतं, तोंड कोण पुसतं, बेडपॅन कोण लावतं, पिशवी कोण रिकामी करतं? सून, मुलगा, बायको, गावाकडून आलेला पुतण्या. डबा घेऊन येणारा आणि रात्री पलंगाखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक हा आपल्या रुग्णालयांचा बिनपगारी कर्मचारी आहे. इथल्या रुग्णालयात मला भेटायला आलेल्या नवऱ्याला हात लावायचंही काम नव्हतं, तरी नर्सनं त्याला दारातच थांबवून हात कसे चोळायचे ते शिकवलं, बोटांची टोकं आणि अंगठे विसरायचे नाहीत म्हणून बजावलं. आपल्याकडे तोच माणूस दिवसभर रुग्णाच्या अंगाशी असतो आणि आपण त्याला ‘गर्दी करू नका’ यापलीकडे काही सांगत नाही.

मावशी आणि वॉर्डबॉय यांची प्रशिक्षणं होतात, ती व्हायलाच हवीत. त्यात नातेवाईक धरा. दाखल करताना दहा मिनिटं, साध्या मराठीत आणि मिरज-सांगलीकडे कानडीतही. रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हँडरब. लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली, पण जमिनीला टेकलेली नाही. प्रत्येक रुग्णाला स्वतःचं भांडं, त्याला फार खर्च येत नाही. आणि रोज सकाळी राउंडला डॉक्टर आले की विचारायचं, ‘लघवीची नळी आज काढता येईल का?’ नळी जितके दिवस राहते तितका धोका वाढतो, आणि कित्येकदा ती केवळ काढायचं कुणाच्या लक्षात न आल्यानं राहिलेली असते. हा प्रश्न विचारणाऱ्या सुनेवर खेकसू नका. ती तुमचंच काम करते आहे.

आणि जंतू सापडला तर त्याचं नाव सांगा. डिस्चार्ज कार्डावर लिहा. ते लिहिलं नाही तर तोच रुग्ण पुढच्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या वॉर्डात, कुणालाही पत्ता न लागता जाऊन झोपतो. लोक काचा फोडतील, ही भीती मला समजते. पण दहा दिवसांनी बिलाच्या कागदांत तो अहवाल सापडला, तेव्हा मला जितका राग आला, तितका पहिल्या दिवशी कुणी खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं असतं तर आला नसता. मी भांडले असते, रडले असते. आणि हात धुतले असते.

गेल्या वर्षी अण्णांना प्रोस्टेटसाठी पुन्हा दाखल करावं लागलं. मी इथूनच फोनवर होते. वहिनीनं तो २०२२चा कल्चरचा अहवाल फाइलमध्ये सगळ्यांत वर लावला आणि दाखल करतानाच काउंटरवर सांगितलं. तिथल्या सिस्टर गोंधळल्या, मग त्यांनी एका तरुण डॉक्टरला बोलावलं. त्यानं कागद दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, ‘हे तुम्हाला कुणी आणायला सांगितलं?’ वेगळी खोली नव्हती. त्यानं अण्णांचा पलंग रांगेच्या टोकाला, खिडकीपाशी हलवायला लावला आणि पायथ्याशी हँडरबची बाटली अडकवली. तिसऱ्या दिवशी बाटली संपली. वहिनी खाली मेडिकलमध्ये जाऊन दोन घेऊन आली, एक अण्णांच्या पलंगाला आणि एक शेजारच्या.